दादाने पाठवलेले आकडे

नागपूर, २४ नोव्हेंबर

तीर्थरूप दादास, शीतलचा नमस्कार.

मी नीट पोहोचले. वेळेवर जेवते, आईला सांग. तिचे गुडघे कसे आहेत? भात झोडून झाला का?

आमचा फॅमिली मेडिसिन विभाग नवा आहे. हा वेगळा विषय आहे, हे आत्ता कुठे लोक मानू लागलेत. इथे प्रत्येकाने एका घराची तब्येत वर्षभर पाहायची असते. सरांना विचारून मी आपलंच घर घेतलं होतं, म्हणजे वडिलांच्या तब्येतीवरही लक्ष राहील. दर रविवारी तू आबांचं बीपी आणि साखर कळवायचास.

आबांच्या तेराव्यानंतर कपाटात दवाखान्याची फाईल सापडली. सप्टेंबरात ते एकोणीस दिवस ॲडमिट होते. तेव्हाही तू '१३०-८०, तब्येत झकास' असंच पाठवलंस. मी ते आकडे तेव्हाच वर्गापुढे मांडले होते. सर म्हणाले, "घरच्यांची साथ असली की पेशंट असा सांभाळता येतो."

तुला विचारलं, तर म्हणालास, "आबाच म्हनले, पोरीच्या शिक्षनात खोडा नको. मी काय करनार?"

तू मोठा आहेस, मी भांडत नाही. पण मी डॉक्टर होणार म्हणून परंदवडी गावभर सांगितलंत आणि आबांच्या आजारात मलाच परकं केलंत.

आज सरांना खरं सांगून मी ती नोंद मागे घेतली. त्या एकोणीस दिवसांत आबांनी मला बोलवा म्हटलं होतं का, एवढंच कळव. म्हटलं असेल, तरी लपवू नकोस.

आईला आणि सारिकावहिनीला नमस्कार.

शीतल