सोळा बिटांतला गळा

३ ऑगस्ट
ऑप.नंतर आज पहिल्यांदा शिवाजी पेठेत, ह्यांच्या स्टुडिओत गेले. थायरॉईडची गाठ गेली, सोबत आवाजही गेला. कुजबुजण्यापुरता उरलाय. डॉ. म्हणतात, येईल, नाहीतर नाही येणार.

ऑप.च्या आधी, मला गाणं शिकवलेल्या बाईंची बंदिश इथेच गाऊन ठेवली होती. बाई गेल्या, त्यांची ही चीज आता फक्त माझ्याकडे. ह्यांनी फाईल लावली तर ऐकूच येईना. वाढवत वाढवत नेलं तेव्हा गळा आला. पण जिथे मी सूर हळूहळू विरवत नेते, तिथे नुसती खरखर. भातात खडा लागावा तशी.

४ ऑगस्ट
मूळ ट्रॅक काढा, मी नव्यानं मिक्स करते, असं ह्यांना मोबाईलवर टाइप करून दाखवलं.
"ते पुसलं की गं. मंडळांची गाणी चाललीत, डिस्कवर जागा कुठं हाय?"
चोवीस बिटांचं रेकॉ. पुसलं. ठेवली काय, तर बाउन्स केलेली, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र करून काढलेली एक फाईल, सोळा बिटांची. मंडळांना तीच चालते म्हणून मलाही तीच.

५ ऑगस्ट
आज उलगडलं. माझी फाईल काढली त्या दिवशी मंडळाची माणसं येऊन बसली, बोलणं ऐकू येईना, म्हणून ह्यांनी मास्टरची, म्हणजे अख्ख्या रेकॉ.च्या आवाजाची पट्टी पार खाली ओढली. बाउन्स करताना वर घ्यायची विसरले. स्पीकरचं बटण फिरवायचं सोडून मास्टर ओढायचा, ही खोड जुनीच. किती वेळा सांगितलं असेल.

मंडळांच्या गाण्यांचं अशानं काही बिघडत नाही. ती भिंती हादरवायलाच केलेली. माझा सूर मुळात बारीक, तो एकदम तळाला गेला. सोळा बिटांत तळाला आवाजाच्या पायऱ्याच थोड्या, चोवीसांत पुष्कळ. सूर उतरत नाही, ठेचकाळतो.

भांडायलाही आवाज लागतो. मी तावातावानं टाइप करायचं आणि ह्यांनी वाचायला चष्मा शोधायचा. काय भांडणार कपाळ.

९ ऑगस्ट
नणंद आली उचगावहून. तिला ऐकवलं.
"चांगलं तर हाय की वैनी. मोबाईलवर कुणाला काय कळतंय?"
हे लगेच, "मी तेच म्हणत हुतो."
खरं आहे. कुणाला कळत नाही. ह्या घरात इतकी वर्षं गायले ते कुणाला कळलं होतं, की आता खरखर कळेल.

१२ ऑगस्ट
हे कुठूनसं खरखर काढायचं सॉफ्टवेअर घेऊन आले. खरखर गेली. माझा श्वास गेला, विरणारा सूर गेला. उरली ती कुणीही बाई, गुळगुळीत. सासूबाई म्हणाल्या, "आत्ता कसं ग्वाड झालं." हे खूश. मी ताटावरून उठले. ह्यांना वाटलं, घसा दुखतोय.

१३ ऑगस्ट
काही लिहावंसं वाटत नाही. ह्यांचं तोंडही...

१६ ऑगस्ट
मंडळाचं काम असूनही ह्यांनी आज स्टुडिओला आतून कडी घातली. माईक लावला. चोवीस बिट. पट्टी जागच्या जागी. मला दाखवून सगळं.
"गा. जसं येतंय तसं गा."
रागानंच उभी राहिले. बाईंच्या चिजेच्या दोन ओळी म्हटल्या. म्हटल्या कसल्या, ओढल्या.

मग दोघांनी बसून ऐकलं. स्वच्छ. फाटलेली कड न् कड ऐकू येते, सूर कुठे सुटला, दम कुठे संपला, सगळं. इतकं चांगलं रेकॉ. ह्यांनी उभ्या जन्मात केलं नसेल.

हे पडद्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ठेवू का पुसू?"