तुझे बाबा उदोन खात नाहीत

ओसाका
रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय नाओए,

सॅपोरोत आता थंडी पडली असेल. जावईबापूंचा खोकला कसा आहे? त्यांना मुळा-मधाचं पाणी देतेस ना? आम्ही इथे बरे आहोत. सकाळी आजी-आजोबांच्या फोटोपुढे भाताची वाटी ठेवली, घंटी वाजवली आणि लिहायला बसले. फोन का नाही केला, ते पुढे लिहिते.

तुला हसू येईल अशी बातमी आधी सांगते. तुझे बाबा आणि मी हल्ली बाहेर जेवतो! ज्या बाईने आयुष्यभर घरी चूल असताना दुकानदाराची धन कशाला करायची, म्हटलं, ती आता आठवड्यातून तीन-तीनदा दुकानांच्या रांगेत उभी राहते. त्सुरुहाशीच्या कोरियन गल्लीत गेलो, तेन्माच्या बाजारात उभ्याउभ्या पिठात तळलेली गरम भजी खाल्ली, काराहोरीच्या उतारावर गोड बीन्सचा वाडगा दोघांत एक घेतला. (दोघांत एक, ही सवय मात्र सुटली नाही.)

गंमत म्हणजे या सगळ्या गल्ल्या तुझ्या बाबांना तोंडपाठ आहेत. कुठल्या कोपऱ्यावर कुठला स्टॉप, कुठे बस वळवताना सायकलवाले आडवे येतात, सगळं. पण एवढी वर्षं सरकारी बस चालवली, आणि उतरून कुठे काही खाल्लं नाही. पिशवीत माझा डबा असायचा. त्या डब्याचा मला केवढा अभिमान होता! परवा त्सुरुहाशीत धुरात बसून मांस भाजताना म्हणाले, "हा वास रोज खिडकीतून यायचा. लाल दिवा लागला की बरं वाटायचं." मी मांस उलटत राहिले.

शिनसेकाईत तर मी त्यांची अब्रूच घालवली. तिथल्या एका जुन्या दुकानात अजून सगळ्यांना मिळून एकच सॉसचं भांडं असतं. मी काडीवरचं कांद्याचं तळण बुडवलं, एक घास खाल्ला आणि पुन्हा बुडवायला गेले. काउंटरमागून आचारी ओरडला, "ओ काकू! एकदाच! उष्टं नाही बुडवायचं!" अख्खं दुकान बघायला लागलं. तुझे बाबा त्याला म्हणाले, "माफ करा हो, नवी आहे. आत्ताच माहेराहून आणलीय." आचारी हसून वाकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्यांना इतकं हसताना पाहून बरंही वाटलं. हसता हसता त्यांनी गालाला हात लावला आणि पुढचं ताट माझ्याकडे सरकवलं.

इशिकिरीलाही जाऊन आलो. पहिल्यांदा जुलैमध्ये गेलो होतो.

हे वाचून तू थबकली असशील. ओसाकाचं माणूस इशिकिरीच्या देवळात सहज फिरायला जात नाही. गाठी बऱ्या करणारा देव आहे तो. तुझ्या बाबांच्या जिभेला कडेने गाठ आली आहे. आधी वाटलं, दाताने चावलं गेलं असेल. ओबोनला, पितरांच्या सणाला, तू येते म्हणालीस तेव्हा मी विमानाचं भाडं फार वाढतं, येऊ नको, असं कळवलं. खरं कारण भाडं नव्हतं. त्याच आठवड्यात तपासणीचा निकाल यायचा होता, आणि तुझ्यापुढे मला चेहरा सावरता आला नसता.

मध्यंतरी फोनवर तू त्यांच्यावर चिडलीस. "बाबा, दुपारी पण पिता का आता?" असं म्हणालीस. ते पीत नाहीत गं. जीभ वळत नाही, म्हणून शब्द तसे येतात. फोन ठेवल्यावर म्हणाले, "दारुड्या समजू दे. ते बरं." तेव्हापासून ते फोनजवळ जात नाहीत.

जुलैत मी देवळापुढे फेऱ्या घातल्या. ते बाकावर बसून मोजत होते आणि मुद्दाम चुकत होते. "अहो, किती झाल्या?" "मघाशी होत्या त्याहून कमी." मी रागावले, देवाच्या दारात चेष्टा नको म्हटलं. मग मीच हट्ट धरला की त्यांनीही काहीतरी सोडावं. तुझ्या परीक्षेच्या वेळी मी चहा सोडला होता, तसं. बरं वाटेपर्यंत आवडीची एक गोष्ट तोंडात घालायची नाही. ते म्हणाले, "माझ्या आवडीचं असं आहेच काय?" म्हटलं, "डेपोसमोरच्या बाईंच्या दुकानातलं उदोन." रश्श्यात जाड शेवया आणि वरती गोड टोफूचा तळलेला तुकडा असतो ते. पगाराच्या दिवशी तेवढं एक खायचे, मला न सांगता. मला माहीत होतं, शर्टाला रश्श्याचा वास यायचा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात जोडले आणि सोडलं.

तेव्हा वाटलं होतं, गाठ जाईल आणि उदोन परत येईल. आता डॉक्टर म्हणतात, जीभ जवळजवळ सगळी काढावी लागेल. जीव वाचेल, बहुतेक. चव राहणार नाही. म्हणून तर ही आमची भटकंती चालली आहे, मऊ असेल ते, चावता येईल तेवढं. सगळं शहर खाऊन झालं, आणि एकच गोष्ट राहिली, ती मी बंद करून ठेवलेली.

मी गेल्या सोमवारी एकटी इशिकिरीला गेले. पुजारी अगदी तरुण होता. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "आजी, देव हिशेब धरून बसत नाही. खुशाल खाऊ दे त्यांना." त्याच्या पाया पडायची तेवढी राहिले. धावत घरी आले, यांना म्हटलं, "चला, आत्ताच्या आत्ता. सुटलं तुमचं उदोन!"

ते पेपर वाचत होते. म्हणाले, "देवाने सोडलं असेल. मी शब्द नाही सोडला."

"अहो, पण आता..."

"किनुए, सिगरेट सोडतो म्हणालो, नाही सोडली. तुला होक्काइदोची बर्फाची जत्रा दाखवतो म्हणालो, नाही दाखवली. दिलेला हा एकच शब्द पाळलाय. राहू दे माझ्याकडे."

मी खूप रडले. भांडलेसुद्धा. दुकानातून डब्यात आणून समोर ठेवलं, तर म्हणाले, "तू खा, थंड होतंय." मग मीच खाल्लं. चांगलं होतं गं. इतकी वर्षं मी ते एकदाही त्यांच्याबरोबर जाऊन खाल्लं नाही.

येत्या नाही, त्याच्या पुढच्या शुक्रवारी, चोवीस तारखेला, ऑपरेशन आहे. आदल्या दिवशी सकाळी भरती व्हायचं. म्हणजे बावीसच्या बुधवारपर्यंत ते घरी आहेत. माझं ते ऐकणार नाहीत. तू समोर बसलीस, तर कदाचित एक घास घेतील. नाही घेतला तरी ये. ऑपरेशननंतर ते काय बोलू शकतील, कितपत कळेल, हे डॉक्टरही नीट सांगत नाहीत.

हे पत्र लिहिलंय हे त्यांना ठाऊक नाही; फोन केला असता तर त्यांनी ऐकलं असतं. तू दारात दिसलीस की ते तुझ्यावर ओरडतील, नोकरी सोडून कशाला आलीस, कोणी बोलावलं, म्हणून. शब्द अडखळतील. मध्ये बोलू नकोस, घाई करू नकोस. त्यांना हवं तितका वेळ ओरडू दे.

दाराची कडी काढून ठेवते.

तुझी आई,
किनुए