खांबाखालची माती

३ मार्च, सकाळी ७
रोजनिशी थोरामोठ्यांनी लिहावी. आजवर केवळ उत्तरपत्रिका लिहिलेल्या मुलीने हे धाडस करावे, याबद्दल प्रथम या वहीचीच क्षमा मागते. परंतु प्रसंग महत्त्वाचा आहे. घरच्या गॅरेजात आज गाडी उचलणारी दोन खांबांची लिफ्ट बसवायला सुरुवात होणार. गाडीखाली आडवे पडणे थांबवा, नाहीतर कायमचे अंथरूण धराल, असे डॉक्टरांनी बाबांना बजावले आहे. लिफ्ट उभी राहिली, तरच गॅरेज चालेल. माहितीपुस्तिका मी दोनदा वाचली आहे. देखरेख अर्थातच माझी.

सायंकाळी ६
पुस्तिकेनुसार खांबाखालचे काँक्रीट सहा इंच जाड हवे. फिटरकाकांचे ड्रिल तिसऱ्याच इंचाला माती घेऊन वर आले. त्यांनी ती पायाने सारली. पाहिली फक्त मी. तोंडी सांगणे प्रशस्त वाटले नाही. बोललेले विरून जाते. फिटरकाकांना लेखी कळवीन.

४ मार्च
'आदरणीय' की 'सन्माननीय', यात सकाळ गेली. पत्र चहाच्या कपाखाली धरून नेले. दारातच सूर उद्धट वाटला. परत आणले. फिटरकाका म्हणाले, "अहो, तुमची लेक चहासकट पळाली!" बाबा म्हणाले, "ती तशीच. घराला आग लागली तरी आधी निबंध लिहील." माझ्या लेखनाचा बाबांना एवढा अभिमान असेल, असे वाटले नव्हते. भरून आले.

५ मार्च
खांब उभे. डावीकडचा बोल्ट आवळताना नुसताच फिरत राहिला. "बसेल हळूहळू," फिटरकाका म्हणाले. पत्रात एक परिच्छेद वाढला. आईने विचारले, "काय गं, तोंड का असं? काही झालंय का?" "काही नाही," म्हटले. आईला अर्धवट माहिती देणे योग्य नव्हे.

६ मार्च
समारोप जमत नाही. पहिल्या गिऱ्हाइकाची गाडी उद्या येणार. मुदत ठरली की माझ्या लेखनाला धार येते.

७ मार्च
सकाळी अकराला गाडी वर गेली. बाबा तिच्याखाली ताठ उभे राहिले. मला हाक मारली, "अगं, ये ना! बघ, वाकावंच लागत नाही!" मी पत्राची स्वच्छ प्रत काढत होते. "आलेच," म्हटले. तेवढ्यात डावा खांब काँक्रीटसकट उखडला.

डॉक्टर म्हणाले, बाबांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. आईने माझा दंड धरला. "तू तिथेच असायचीस ना गं? तुला काहीच दिसलं नाही?"

मी म्हटले, सविस्तर लिहिले आहे.

दवाखान्याच्या बाकावर पत्र पुन्हा वाचले. सूर कुठेही कठोर नाही. फोटो काढून फिटरकाकांना पाठवले. ७ मार्च, दुपारी ३ वाजून ४२ मिनिटे.