वरच्या कप्प्यातलं सतरा नंबर

३ मार्च, मंगळवार

पुन्हा तेच! सतरा नंबरची पूड घातलेल्या बशांत, पेशींतले प्रथिनाचे गोळे निम्म्याहूनही कमी. सलग पाचवी खेप. चारशे पेशी मोजल्या, मग विश्वास बसेना म्हणून आणखी दोनशे.

मॅडमना कागद दाखवला. "बरं दिसतंय," म्हणाल्या. आमच्या या लॅबप्रमुख बाई दहा वर्षांत दोनदा 'बरं' म्हणाल्यात, असं जुने लोक सांगतात. पंधरा तारखेच्या भाषणात घालणार आहेत.

घरी पोचायच्या आधीच दादाला फोन केला. राहवलंच नाही.

४ मार्च, बुधवार

वहिनीचा फोन. आवाज दाबून बोलत होती, म्हणजे दादा शेजारच्या खोलीत. हॉस्पिटलवाले त्याला नव्या इंजेक्शनच्या चाचणीत घ्यायला तयार आहेत. बाराच जागा. महिन्यातून एकदा पाठीच्या कण्यात सुई. त्याच्या आजारातलं बिघडलेलं प्रथिन मुळात तयारच कमी व्हावं, असं ते औषध. खात्री कुणी देत नाही, पण माणसांना टोचण्याइतकं पुढे तरी आलंय. सही शुक्रवारी, १३ तारखेला, पाचच्या आत. नाहीतर जागा पुढच्याला.

आणि दादा म्हणतो, कशाला? बहिणीचं औषध येतंय.

माझं औषध! बशीतल्या पेशींवर घातलेली पूड ती! माणसापर्यंत पोचायला दहा वर्षं लागतील, तेही नशिबात असेल तर. हे मी त्याला फोनवर सांगितलं होतं. की शेवटी, घाईघाईत, पुटपुटल्यासारखं?

५ मार्च, गुरुवार

लॅबमधून थेट दादाच्या चष्म्याच्या दुकानात. तो एका काडीचा स्क्रू बसवत होता. तीनदा खाली पडला. मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत उभी राहिले, जणू मलाच नंबर काढायचा होता. बाबांचं असंच सुरू झालं होतं. आधी बोटं, मग पाय, आणि चार वर्षांत सगळं.

पुन्हा नीट समजावून सांग म्हणाला. सांगितलं. प्रथिन म्हणजे लांबलचक धागा, त्याची ठराविक घडी बसली तरच ते कामाचं. घडी चुकली की ते शेजारच्याला चिकटतं, आणि चिकटून चिकटून गोळे होतात. ते होऊ नये म्हणून पेशीत दुसरी प्रथिनं असतात, शॅपरोन. आम्ही लॅबमध्ये त्यांना पाठराखे म्हणतो.

"म्हणजे वाकडी फ्रेम गरम करून मी सरळ करतो, तसं," दादा म्हणाला.

तसं नाही. पाठराखे स्वतः आकार देत नाहीत. चुकलेल्याला बाजूला धरतात, कुणाला चिकटू देत नाहीत, पुन्हा घडी बसवायला सवड देतात. नाहीच जमलं तर मोडीत काढायला पाठवतात. पेशीला ताप सोसावा लागला की घड्या भराभर बिघडतात, तेव्हा ती आपणहून जास्त पाठराखे तयार करते. सतरा नंबर तेच काम न तापवता करून घेतं.

दादाला ते फार आवडलं. मी इंजेक्शनचा विषय काढला तर म्हणाला, गिऱ्हाईक आलंय. कुणीही आलं नव्हतं.

७ मार्च, शनिवार

इन्क्युबेटरच्या दाराचं रबर बदलायला मेकॅनिक आला. पेशींच्या बशा सदतीस अंशांवर ठेवायचं आमचं हे कपाट. त्याने आत हात घातला आणि विचारलं, ताई, आतला पंखा कधीपासून बंद आहे?

मी म्हटलं, बाहेर आकडा तर सदतीसच दाखवतोय. तो म्हणाला, आकडा मधल्या कप्प्याचा. पंखा नाही म्हणजे गरम हवा सगळी वर. वरच्या कप्प्यात भाजून निघत असणार.

वरचा कप्पा!

सतरा नंबर मी नेहमी वर ठेवते. साध्या, पूड न घातलेल्या पेशी खाली. बशांची अदलाबदल होऊ नये म्हणून माझी ही शिस्त. नव्या मुलींना मी ती मोठ्या तोऱ्यात शिकवते.

मेकॅनिकला सांगितलं, पंखा मंगळवारपर्यंत असाच राहू दे. त्याने माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू डोकं फिरलंय बाईचं.

८ मार्च, रविवार

सुट्टी, तरी गेले. दोन थर्मामीटर ठेवले. खाली साडेछत्तीस. वर जवळजवळ एक्केचाळीस.

म्हणजे वरच्या पेशी तापत होत्या. तापल्या म्हणून त्यांनी पाठराखे वाढवले, आणि म्हणून गोळे कमी? मग पूड काय करत होती? आता दोन्ही कप्प्यांत दोन्ही प्रकारच्या बशा ठेवल्यात. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. शाळेतल्या पोरालाही सुचलं असतं!

९ मार्च, सोमवार

बशा आत. दार उघडायचं नाही. वहिनीचे तीन फोन, एकही उचलला नाही.

१० मार्च, मंगळवार

वरच्या कप्प्यात दोन्ही बशा स्वच्छ, पूड घातलेली आणि न घातलेलीही. खालच्या दोन्ही गोळ्यांनी भरलेल्या.

तीनदा मोजलं. सतरा नंबर काहीही करत नाही. पेशींनी जे केलं ते स्वतःच केलं, आणि श्रेय मी पुडीला दिलं.

११ मार्च, बुधवार

मॅडमना सांगितलं. बराच वेळ त्या कागद उलटसुलट करत राहिल्या. मग विचारलं, कप्पे एकदाही बदलले नाहीस? नाही म्हटलं. त्यांनी भाषणातली ती तीन पानं काढली आणि माझ्यासमोर फाडली. चूक तुझी, म्हणाल्या, पण पाच वेळा कागद माझ्या हातात होता. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दारापर्यंत गेले तेव्हा म्हणाल्या, "भावाला सांगितलंस?"

१२ मार्च, गुरुवार

सांगायला म्हणून गेले आणि मूग गिळून परत आले. दादा खुशीत होता. शेजारच्या शिंप्याला माझ्यासमोर म्हणाला, ही आमची बहीण, हिनेच शोधलंय. शिंपी उठून उभा राहिला! मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

सांगितलं तर त्याची आशा मोडते. नाही सांगितलं तर जागा जाते. यात तोलायचं काय आहे? तरी मी गप्प. स्वतःची चीड येते. भित्री आहे मी.

१३ मार्च, शुक्रवार

सकाळी दुकान उघडायच्या आधीच गाठलं. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, पंखा, कप्पे, गोळे. दादा एक काच पुसत होता. स्वच्छ झाली तरी पुसत राहिला.

"ते दहा वर्षं येणार नव्हतंच," तो म्हणाला. "तूच सांगितलंस ना फोनवर."

"मग सही का करत नाहीस?"

"बाबांच्या पाठीत सुई घातली तेव्हा त्यांना धरून मी बसलो होतो. तू बाहेर होतीस. ते कसे ओरडले ते मला माहितीय." काच खाली ठेवली. "बहिणीचं औषध येतंय म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही."

मी संतापले. आठ दिवस माझा जीव टांगणीला आणि हा पठ्ठ्या माझ्या पुडीमागे लपलेला! मग रडू आलं. म्हटलं, या वेळी मी धरीन. तो म्हणाला, शटर वर करायला मदत कर आणि कामाला जा.

आता तीन वाजून दहा मिनिटं. लॅबमध्ये बसून हे लिहितेय. फोन समोर आहे. वाजत नाही.

१४ मार्च, शनिवार

काल पाचला दहा मिनिटं कमी असताना दादाने सही केली. फॉर्मवर विचारलं होतं, रक्ताच्या नात्यात आणखी कुणाची तपासणी राहिली आहे का. त्याने माझं नाव लिहिलं. बाबा जाऊन सात वर्षं झाली, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मी विचारू दिला नव्हता. सोमवारी नऊला माझं रक्त घेणार आहेत. दादा सोबत येतोय.