गजाआडचे कोहळे

कामठा,
ऋषिपंचमीचा दुसरा दिवस, सन १९३८

तीर्थस्वरूप मामांस,

चंद्रकांतेचा साष्टांग नमस्कार. मामींना वेगळा नमस्कार, कारण एकत्र लिहिलेला आपण त्यांना पोचवत नाही, असे त्यांनी मागच्या पत्रात कळवले आहे. आपला गुडघा या पावसात कसा आहे ते लिहावे. ("ठीक" असे लिहू नये. सूज आहे की नाही, आणि जिना चढताना दुखतो की उतरताना, एवढे लिहावे.) गुलाबांच्या पानांवर काळे डाग पडल्याचे वाचून वाईट वाटले. आपण त्याविषयी दीड पान लिहिले आहे आणि मामींच्या तापाविषयी अर्धी ओळ. त्यावरून कोणाची प्रकृती किती गंभीर आहे ते मी ताडले. माझी उत्तम आहे. कपडे वाळत नाहीत, काडेपेटी पेटत नाही आणि चामड्याच्या बॅगेवर हिरवी बुरशी धरते, पण ती बॅगेची प्रकृती झाली.

आता आपला प्रश्न. नागपूरला बदली मागणारा माझा अर्ज आषाढापासून आपल्याकडे पडून आहे, कचेरीतले आपले स्नेही लवकरच रजेवर जाणार आहेत, तेव्हा अर्ज द्यायचा की नाही ते एकदाचे सांग, असे आपण लिहिले आहे. आपण रागावला आहात हे समजले. अर्जाचे कारण आपल्याला ठाऊक आहेच: सुईणपणाचे रीतसर शिक्षण देऊन मला इथे बाळंतपणे करायला पाठवले, आणि दिवाळीपर्यंत माझ्या हातून एकही झाले नाही तर ही जागाच बंद व्हायची आहे. आजवर एकही झालेले नाही. गावात बाळे होत नाहीत असे नाही. पुष्कळ होतात, आणि ती मला बारशाच्या घुगऱ्यांवरून कळतात. जागा बंद होऊन परत येण्यापेक्षा आपण होऊन परत यावे, असा माझा विचार होता. त्यानंतर जे घडले ते क्रमाने लिहिते, म्हणजे आपल्याला ठरवता येईल.

धानाची रोवणी आटोपली की इथली माणसे घरामागच्या वाडीकडे वळतात. वाडी म्हणजे आपल्याकडची परसबाग, पण आपल्याकडे परसबागेवरून सोयरिकी मोडत नाहीत. पाऊस जरा उघडला की सगळा गाव डोक्यावर पोते घेऊन एकमेकांचे मांडव पाहायला निघतो. दोडकी, कारली, वाल, काकड्या. दुसऱ्याच्या मांडवाची स्तुती करायची नसते (नजर लागते), निंदाही करायची नसते (भांडण लागते), म्हणून सगळे नुसते उभे राहून "हं" म्हणतात, आणि त्या एका हं-मधून कोणाचा काय अभिप्राय ते सगळ्यांना बरोबर कळते. मी आधी याकडे लक्ष देत नव्हते. पण दवाखान्याच्या अंगणात मोकळी जागा होती आणि माझ्याकडे मोकळा वेळ होता, म्हणून एक वाफा केला. दोरी लावून, पाणपातळी धरून, अगदी समतल. दवाखान्याला लागून बकाराम यांचे घर आहे. यांच्या पणज्याने गावचा तलाव बांधला, त्यामुळे पाण्यासंबंधी घरातल्या लहान पोरालासुद्धा मत असते. बकाराम कुंपणापाशी उभे राहिले, "हं" म्हणाले, आणि पहिल्या सरीनंतर परत आले. माझ्या भेंडीच्या बिया पाण्यावर तरंगत होत्या. "बाई," ते म्हणाले, "हा वाफा नोहे, बांधी झाली. आता धानच रोवा." (बांधी म्हणजे भातखाचर. समतल जमिनीत पाणी साचते, हे मला पुस्तकातून माहीत होते. फक्त ते भेंडीला लागू पडते हे सुचले नव्हते.) दुसरा वाफा मी उतरता केला. त्यात आलेली भेंडी मी रोज पाहते. त्यात विशेष काही नाही, सकाळी पाहायला काहीतरी हवे.

एकदा बकारामांच्या बायकोने, धुरपताबाईंनी, कारल्याचे भुरी पडलेले पान मला दाखवले. खरजेच्या मलमासाठी ठेवलेल्या गंधकातली चिमूटभर पूड मी दिली. कारले सुधारले. तेव्हापासून गावच्या बायका दवाखान्यात येऊ लागल्या, पण हातात पान घेऊन. स्वतःला काही होत असेल तर त्या सांगत नाहीत. पोट पुढे आलेली बाई माझ्यासमोर बसते आणि वालाला मावा पडल्याचे सांगते. मी वालावर उपाय सांगते. ती उठते आणि जाते.

आता मुख्य प्रकार. दवाखान्याच्या अंगणात पाऊस मोजण्याचे यंत्र आहे: जमिनीत रोवलेले नरसाळे, त्याच्या पोटात बाटली, आणि भोवती लोखंडी गजांचे चौकोनी कुंपण. रोज सकाळी बाटलीतले पाणी मोजून वर कळवायचे, हे काम माझ्याकडे आहे. श्रावणात औषधे आणायला मी गोंदियाला गेले आणि पावसाने रस्ता बंद झाल्यामुळे तिथेच अडकले. मागे कंपाउंडर मुन्नालाल होते. फार प्रामाणिक माणूस. मी परतले तर तलाव सांडव्यावरून वाहत होता, दवाखान्याची एक भिंत खचली होती, आणि मुन्नालालनी वर रोज शून्य पाऊस कळवला होता. मी कारण विचारले. "भीगते भीगते गया, बाई," ते म्हणाले, "मगर बोतल में बूँद नहीं, तो क्या अपने मन से लिखूँ?" मी जाऊन पाहिले. धुरपताबाईंच्या कोहळ्याचा वेल (तांबडे कोहळे, भाजीचे; पांढरे नव्हे) कुडावरून उतरून गजांमधून आत शिरला होता आणि त्याचे सुपाएवढे पान नरसाळ्यावर छत्रीसारखे पसरले होते. पान बाजूला का केले नाही, असे विचारले, तर मुन्नालालनी कुंपणाला लावलेल्या पाटीकडे बोट दाखवले. "यंत्रास अगर त्यावरील कोणत्याही वस्तूस माझ्याखेरीज कोणी हात लावू नये." पाटी मीच लावली होती. अक्षरही माझेच.

वरून पत्र आले की आसपास सर्वत्र पूर असताना कामठ्यासच अवर्षण कसे, हे पाहण्यास तपासनीस समक्ष येत आहेत. मी कात्री घेऊन गेले. पान उचलले तर त्याच्यामागे, कुंपणाच्या आत, एक कोहळे बसलेले होते. आत शिरले तेव्हा लिंबाएवढे असणार. आता दोन गजांमधून बाहेर येण्यासारखे राहिले नव्हते. मी वेलाला कात्री लावणार तोच पलीकडून धुरपताबाईंची हाक आली.

"बाई! काय करून राहिली तू?"

मी वेल कापत असल्याचे सांगितले.

"माया मोठ्या पोराच्या नरड्याले कैची लावते?"

मामा, हे शब्दशः आहे. इथे कोहळ्याला घरचा थोरला मुलगा मानतात. बाईने कोहळ्याला पहिली सुरी लावायची नाही, ती घरच्या पुरुषाने लावायची. मग बाईने हव्या तेवढ्या फोडी कराव्यात. आणि घरात कोणी गरवार असेल तर फळ धरलेला वेल पुरुषानेसुद्धा तोडायचा नाही. धुरपताबाईंची सून रुख्मा पोटुशी आहे, पहिलटकरीण. ती दारात उभी राहून माझ्या कात्रीकडे पाहत होती. बकारामांना बोलावले. ते म्हणाले, "सरकारी कामात मी बोलत नाही, आन् बायकांच्या कामात तर मुळीच नाही," आणि तलाव पाहायला गेले.

माझी अडचण आपल्या ध्यानात येईल. वेल ठेवला तर तपासनीस माझ्याविरुद्ध लिहिणार. कापला तर ज्या हातांनी रुख्माची सुटका व्हावी अशी माझी इच्छा होती, ते हात त्या घरात कधीच शिरणार नव्हते. आणि त्या घरात नाही म्हणजे गावात नाही, कारण धुरपताबाईंच्या "हं"ला इथे मान आहे. मी कात्री खिशात ठेवली.

फळ चपटे होते. रुंदीने ते गजांत मावत नव्हते, पण कडेवर उभे केले तर जेमतेम येईल असे वाटले. फक्त ते फिरवताना देठ पिळला जाऊ नये म्हणून वेल मागून सैल करायला हवा होता. (मूल खांद्याशी अडले की असेच करतात. ओढत नाहीत, वळवतात. हे आपल्याला लिहिणे प्रशस्त नाही, पण त्यावाचून पुढचे समजणार नाही.) पाऊस सुरू होता. मुन्नालालनी माझ्यावर छत्री धरली, म्हणजे स्वतःवर धरली आणि तिचे पाणी माझ्यावर सोडले. वेलाचे तणावे गजांना स्प्रिंगसारखे आवळून बसले होते. ते मी चिमट्याने एकेक सोडवले. गजांना एरंडेल लावले. धुरपताबाई पलीकडून वेल धरून बसल्या होत्या आणि सारख्या म्हणत होत्या, "आता जोर लाव! लाव ना जोर!"

"जोर लावायचा नाही," मी म्हणाले. "आपोआप येतो तेवढाच येऊ द्यायचा."

"न ओढता कसा निंगन तो?"

"निघेल. तुम्ही वेल सैल सोडा आणि बोलू नका."

धुरपताबाईंना आजवर कोणी बोलू नका म्हणाले असेल असे वाटत नाही. त्या गप्प बसल्या. कुडापलीकडे पोती पांघरलेल्या बायका जमल्या होत्या, त्याही गप्प. मी फळाखाली हात घातला, हळूहळू कडेवर आणले, थांबले, पुन्हा थोडे वळवले. एका ठिकाणी ते अडले. मी तिथे बराच वेळ नुसता हात ठेवून बसले, कारण अशा वेळी घाईनेच नुकसान होते. मग ते सरकले आणि वेलासकट, एक ओरखडाही न उठता, धुरपताबाईंच्या पदरात गेले.

"आला व माय," धुरपताबाई म्हणाल्या. मुन्नालालनी छत्री मिटली आणि "बधाई हो" म्हणाले. कोणीतरी गूळ आणला. तो मी खाल्ला.

तपासनीस आले तेव्हा कुंपण मोकळे होते आणि कोहळे नव्या मांडवावर, शिंक्यात बसवून टांगलेले होते. शून्याचे कारण मी शेऱ्यात खरे तेच लिहिले होते: "कोहळ्याचे पान." त्यांनी ते वाचले, पान पाहायला मागितले, पाहिले, आणि एवढ्या मोठ्या पानाच्या वेलाचे बी मिळेल का असे विचारले. (ते आपल्यासारखेच निघाले. घरी चार मांडव आहेत.) बी हवे तर फळ कापावे लागणार, तेव्हा त्यांनी कोट काढून मीच कापतो म्हटले. धुरपताबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिले. "तू कोन गा बाबू? घरचा माणूस पायजे. साहेब चालत नाही." ते बी न घेता गेले, पण अहवाल चांगला लिहिला.

त्यानंतर सुमारे आठवड्याने रुख्मा एकटीच आली. हातात दोडक्याचे पान होते. पान अगदी निरोगी होते. मी तसे सांगितले. ती म्हणाली, "मले मालूम आहे." मग पावसाकडे पाहत म्हणाली, "त्या दिवशी तुमी ओढलं नाही. मायी सासू सांगून राहिली, बोलवाचं तं हिलेच बोलवाचं." मी तिला तपासले. सर्व ठीक आहे. दिवाळीच्या सुमारास दिवस भरतील. काल ऋषिपंचमी होती; बैलाच्या कष्टाचे खायचे नाही म्हणून सगळ्या मांडवांवरची भाजी बायकांनी उतरवली, आणि मलाही ताट आले. त्या कोहळ्याला मात्र कोणी हात लावला नाही. रुख्माबरोबर आणखी दोघी आता येतात. एकीच्या हातात अजून पान असते, पण ते ती खाली ठेवते.

एवढी हकिगत आहे. एका फळावरून अनुमान काढणे शास्त्राला धरून नाही आणि पाऊस थांबल्यावर माणसांचे मन कसे राहते हेही मी पाहिलेले नाही. मला नागपूर आणि कामठा दोन्ही सारखीच. अर्जाविषयी आपणास योग्य वाटेल ते करावे.

मामींना औषध वेळेवर द्यावे, गुलाबांना उशिरा दिले तरी चालेल.

आपली भाची,
चंद्रकांता

ता. क. अर्ज देऊ नये. आपणास योग्य वाटेल ते करावे असे वर लिहिले आहे, ते शिष्टाचार म्हणून.

ता. क. अर्ज पाठकोरा असल्यास परत पाठवावा. कागद चांगला होता आणि इथे दमट हवेने शाई फुटते. सोबत आपल्या गुलाबाची एक काडीही पाठवावी. काळे डाग असले तरी चालेल, गंधक आहे.

ता. क. एक गोष्ट राहिली. रुख्माची सुटका नीट झाली की ते कोहळे मला द्यायचे, असे धुरपताबाईंनी सगळ्या बायकांसमोर जाहीर केले आहे. ते आता बरेच मोठे झाले आहे. त्याला पहिली सुरी लावायला मुन्नालाल चालणार नाहीत, बकारामही नाहीत. माझ्या घरचाच पुरुष हवा. "तुया घरचं कोन हाय?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मला थोडा वेळ लागला, पण मी आपले नाव सांगितले. माझा या समजुतीवर विश्वास नाही. तथापि दिवाळीला आपण मामींसह यावे. स्टेशनावर बैलगाडी पाठवते. गुडघ्याखाली ठेवायला उशी घालीन. सुरी आणू नये, माझ्याकडे आहे.