तीन शतांश

मनवेलपाडा, विरार (पूर्व)
५ जानेवारी २०२५

ती. श्रीरंगमामांस, शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि टचचा फोन तुम्ही हातात धरत नाही, म्हणून हे पत्र. मामा, मी हादरून गेले आहे. टूलरूमच्या कोर्सचा माझा दुसरा जॉबही काल बाद झाला. पोलादाचा ठोकळा ग्राइंडरवर घासून बरोबर तीस मिलिमीटर करायचा होता. तुम्ही दिलेल्या मायक्रोमीटरने चारदा मोजला, चारही वेळा तीस भरला. कोर्सच्या मटिल्डा मॅडमनी त्यांच्या मायक्रोमीटरने मोजला, तर मिलिमीटरचे तीन शतांश कमी. आधीचाही तेवढाच कमी होता. वीस तारखेला शेवटची संधी. तीही गेली तर नाव काढतात. माझा हातच वाईट आहे का?

मामींना नमस्कार. उत्तराची वाट पाहते.
तुमची क्षितिजा

देवरुख
११ जानेवारी

चि. क्षितिजास अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचून माझं डोकंच फिरलं. मी इतका तावातावाने बोलत होतो, की मामीने चहा पुढ्यातून उचलून नेला. अगं, तो मायक्रोमीटर वसईच्या कारखान्यात बावीस वर्षं माझ्या हातात होता. त्याच्या शब्दावर मी हजारो जॉब पास केले आणि शेकडो फेकले. निर्मळचा ऑस्कर म्हणून एक ग्राइंडर होता. हात चांगला, पण भलता हट्टी. त्याचा तीसचा जॉब तीन शतांश जाड भरला. आणखी घास म्हटलं, तर बरोबर आहे, घासणार नाही म्हणाला. गेला घरी. तेव्हा रडू नकोस. मॅडमना सांग, आधी आपलं हत्यार तपासा.

मामीने पोह्याचे पापड ठेवलेत, पास झालीस की पाठवते म्हणते.
तुझा मामा

मनवेलपाडा
२१ जानेवारी

ती. मामांस सा. न.

काल जॉब पास झाला. पण हसावं की रडावं, कळत नाही.

तुमचा निरोप मी भीतभीतच सांगितला. मॅडम रागावल्या नाहीत. ज्याचं माप पक्कं ठरलेलं असतं तो प्रमाण ठोकळा त्यांनी आणला आणि आधी स्वतःचा, मग तुमचा मायक्रोमीटर त्यावर लावला. त्यांचा बरोबर निघाला. तुमचा तीन शतांश जास्त दाखवतो. मला खरंच वाटेना. मी स्वतः पाच वेळा लावून पाहिला. पंचवीस ते पन्नासचा मायक्रोमीटर मिटून शून्य बघता येत नाही, सोबत मिळणाऱ्या ठरलेल्या मापाच्या दांड्यावर तपासावा लागतो, आणि तो दांडा तुमच्या डबीत नाहीच. मग मॅडमच्या मापाने जॉब केला.

मामा, तुमचा कधी पडला होता का? आणि ते ऑस्कर? मला पुढे लिहवत नाही.
क्षितिजा

देवरुख
२७ जानेवारी

चि. क्षितिजास आशीर्वाद.

पडला होता. २००९च्या दिवाळीआधी, टेबलावरून फरशीवर. दांडा त्याआधीच हरवला होता. स्टोअरमधून प्रमाण ठोकळा मागवला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. पण सगळे आपापली मापं माझ्याकडे तपासायला आणत. मी माझं घेऊन दुसऱ्याकडे जायचं, याची मला लाज वाटली. ऑस्करचा जॉब त्याच नाताळातला. साहेब, एकदा ठोकळ्यावर लावून बघा, एवढंच तो म्हणत होता. मी त्याला सगळ्यांसमोर कामचुकार म्हटलं. त्याला काढल्याच्या कागदावर सही माझी आहे.

मी यायला हवं, पण धीर होत नाही, खोटं कशाला लिहू? तू मायक्रोमीटर घेऊन त्याच्याकडे जा. हे पत्र त्याला वाचायला दे.
मामा

मनवेलपाडा
३ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न.

काल स्कूटरवरून निर्मळला गेले. ऑस्करकाका आता केळीची बाग बघतात. तुमचं पत्र त्यांनी उभ्याउभ्याच दोनदा वाचलं. मायक्रोमीटरला हात लावला नाही. मला वाटलं, हाकलतील. त्यांनी फक्त विचारलं, की मग त्या दिवशी त्यांचा जॉब नक्की किती होता. मी सांगितलं, बरोबर तीस.

ते तडक आत गेले. आपल्या बायकोला, आग्नेसकाकूंना, हाताला धरून घेऊन आले आणि मला म्हणाले, आता बोललीस ते हिच्यासमोर परत सांग. मी सांगितलं. काकू म्हणाल्या, मीसुद्धा यांनाच दोष देत आले. मामा, पंधरा वर्षं त्यांच्या घरातसुद्धा कुणाला ते खरं वाटलं नव्हतं.

त्यांनी तुम्हाला माफ केलं का, मी विचारलं नाही. ते तुम्ही येऊन विचारा. मी स्टेशनवर घ्यायला येईन.

माझ्यावरची माया तेवढी कमी करू नका.
तुमची क्षितिजा