चांदवडची तात

गंगापूर रोड, नाशिक
११ फेब्रुवारी २०२५

चि. हर्षालीस,

आशीर्वाद. आईचा गुडघा आता बरा आहे. रीतीचा मजकूर इथे संपला. पुढचा तुझ्या वर्तनाविषयी.

मध्यंतरात व्हायोलिन पेटीत ठेवून मैफल सोडून जाणे कोणत्या शिस्तीत बसते? युरोपातल्या बरोक काळातली ती रचना तीनशे वर्षे कुणी वाजवलेली नव्हती. हस्तलिखितावरून मी ती दोन वर्षे उतरवून घेत होतो. तुझे व्हायोलिन आणि गुडघ्यांत धरायचा माझा गांबा, अशा दोनच वाद्यांसाठी ती लिहिलेली आहे. उत्तरार्ध मी एकट्याने कसा वाजवावा? श्रोत्यांना घरी जायला सांगावे लागले. मला.

शिवाय पूर्वार्धात तुझ्या स्वरांना कंप फार होता. त्या काळी असा स्वर हलवत नसत, हे शंभरदा सांगून झाले आहे.

मूळ मुद्दा टाळतोस, असे तू म्हणशील. बरे. दोन्ही वाद्यांसाठी आतड्याच्या ताती इटलीहून आणल्या होत्या आणि पावसाळ्यात त्या तुटल्या. मग तूच चांदवडच्या रहेमानचाचांकडे गेलीस. कापूस पिंजायच्या धनुकलीसाठी ते पूर्वी तात वळत. "धनुकलीवर रुई बोलायची, तुमच्या ह्याच्यावर काय बोलंल ते बघा," म्हणत त्यांनी आपल्याला वळून दिल्या. इटलीच्या तातींहून त्या सरस निघाल्या, हे मी तुला कधी सांगितले नाही.

मध्यंतरात श्रोत्यांपैकी एकाने ताती कुठल्या असे विचारले तेव्हा मी "इटलीच्या" म्हणालो. पिंजाऱ्याची तात म्हटले असते, तर त्या सभागृहात हसू पिकले असते. तू कुजबुजलीस, "दादा, चाचा तिसऱ्या रांगेत आहेत." मला ठाऊक होते. तिथे मीच त्यांना बसवले होते.

परवा चांदवडला गेलो. एक तात बदलायची होती, एवढेच. चाचांनी त्या प्रसंगाचा उच्चारही केला नाही. "वाजवा की साहेब, त्या दिवशी राहिलेलं." मी माझा भाग वाजवला.

"मधी मधी गप का बसता?"

"तिथे व्हायोलिन असते."

"मंग पोरीला का नाय आणलं?"

चाचांच्या सूनबाई, बिलकिसभाभी, चहा घेऊन आल्या, म्हणून मी सुटलो.

रविवारी सकाळी दहा वाजता, त्यांच्याच ओट्यावर, उत्तरार्ध. त्या दिवशीच्या सर्व श्रोत्यांना निमंत्रणे धाडली आहेत. तात कुणी वळली ते नावासह छापले आहे. वाजवण्याआधी मला चाचांशी चारचौघांत बोलायचे आहे. ते तू ऐकावेस.

कंप मात्र नको.

चुकलेला,
तुझा दादा
रविराज